क्रियापदाचं शेपूट

मंगळवारी संध्याकाळी सहाला
वाचनालयाच्या मागच्या खोलीत
बेरिल हॉजकिस फळ्यावर लिहिते : फेज.
आणि थांबते.
"हे एकटं कुठेच जात नाही," ती म्हणते,
"शेपूट बघा याचं.
जनावर आत येतंय की बाहेर निघालंय
ते शेपटावरून कळतं."
इन-पुढे ती एक किलकिलं दार काढते.
आउट-पुढे बंद दार.
मग ते पुसते, पुन्हा काढते,
लोटत आणलेलं.
"बंद नाही. रोज बोटभर लोटायचं.
म्हणजे कुणी दचकत नाही."

खिडकीत वीजकेंद्राची चार धुराडी.
धूर दोघांनाच.

व्हिक्टोरियातलं हे कोळशाचं गाव,
इथे हा शब्द भाकरीसारखा रोजचा.
टपालपेटीत येतो, चर्चच्या सूचनाफलकावर असतो,
पबमध्ये तर शिवी म्हणून चालतो.
तरी पाठ्यपुस्तकात तो बाविसाव्या धड्यात आहे,
प्लास्टिकच्या पिशव्यांच्या उदाहरणासकट.

"वाक्यं करा."

न्यांदेंग माजोक कत्तलखान्यातली रात्रपाळी करते,
डोळे चोळत लिहिते :
आमच्या गावात सैनिक फेज इन झाले.
आधी पाणी मागितलं.
मग एक बकरी.
मग शाळा.
बेरिलची लाल पेन्सिल हवेत राहते.
व्याकरणात चूक नाही.
"शक्यतो," ती म्हणते, "हे सरकार करतं, कंपन्या करतात.
कागदावर. तारीख ठरवून."
"तारीख त्यांच्याकडेही असेल," न्यांदेंग म्हणते.
"आम्हाला कुणी दाखवली नाही."

नवरोज अली वही आडवी धरून वाचतो :
मी माझ्या आईला फेज आउट केलं.
कुणीच हसत नाही.
"पहिल्या वर्षी रोज फोन. मग जुम्म्याला.
आता ईदला."
"माणसांसाठी नाही वापरत," बेरिल हळूच सांगते.
"मग माणसांसाठी कुठलं?"

ती फळ्यावर लिहीत जाते.
वीन ऑफ : तान्ह्याला अंगावरून तोडताना.
टेपर ऑफ : गोळी अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड.
वाइंड डाउन : दुकान.
फेड आउट : रेडिओवरचं गाणं.
खडू बोटाएवढा उरतो.
नवरोजच्या आईला एकही बसत नाही.
ती वाक्य तसंच राहू देते,
खाली लाल रेघ न मारता.

(घरी केल्विन.
एकतीस वर्षं टर्बाइनपाशी.
पत्रात लिहिलं होतं, टप्प्याटप्प्याने बंद केलं जाईल.
कोण करील, ते वाक्यात नव्हतं.
अजून साडेचारला उठतो,
डबा नाही भरत, पण झाकण पुसून ठेवतो.
बेरिलने त्याच्या आयुष्यात एकेक वस्तू
अशीच पावलं न वाजवता आणली :
न्हाणीत आधी एक दांडी,
महिन्याने दुसरी,
मग ओसरीवर चाकांचा वॉकर,
त्यावर कुंडी ठेवून.
दोन आठवडे तो वॉकर झाडाचाच होता.
एका सकाळी कुंडी खाली दिसली.
दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत.)

साडेसात.
न्यांदेंगची बस.
पिशव्या, जाकिटं, खुर्च्या भिंतीला.
दाराशी म्हाताऱ्या तुयेतबाई थांबतात.
दीड वर्षात वर्गात फारसं न बोललेल्या,
आता कौन्सिलच्या नव्या कागदाखाली बोट सरकवत वाचतात :
गुरुवारचा वर्ग मागच्या सत्रात थांबला.
पुढच्या सत्रापासून मंगळवारही एकाआड एक.
बेरिलने हे सांगायचं आज ठरवलं होतं.
मागच्या आठवड्यातही ठरवलं होतं.

"टीचर," तुयेतबाई विचारतात,
चेहऱ्यावर उत्तर सापडल्याचा नितळ आनंद,
"दिस... फेज आउट?"

बेरिल दिव्याच्या बटणावरचा हात काढून घेते.
"फेजिंग," ती सुधारते.
"फेजिंग आउट.
अजून चालू आहे ना.
अपूर्ण वर्तमानकाळ."